श्वासाची तपासणी

तिसऱ्या केमोला मला एकदा परत पाठवलं होतं. वॉर्डातली खुर्ची दिसली की माझं बीपी चढायचं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या, पण शांत होऊन या." चाकणच्या कंपनीत वीस वर्षं काढली, तिथे असं कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक मुलीने श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. आत येतो, बाहेर जातो, नुसतं बघायचं. मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाडीचे सुटे भाग बघायचे आणि खराब बाजूला काढायचे. मग काळेवाडीच्या घरात रोज सकाळी डोळे मिटून बसले. हा उथळ, रिजेक्ट. हा अर्धवट, रिजेक्ट. हा बरा होता, पण शेवटी थरथरला. आठवडाभरात एकही श्वास पास झाला नाही.

ठरलेल्या दिवशी नर्सने बीपी मोजलं. पुन्हा जास्त.

"अर्धा तास बसा. उतरलं नाही तर आजही डोस नाही."

डोस असे लांबत जाणं बरं नाही, एवढं मला कळत होतं. मी लगेच श्वासांच्या तपासणीला बसले.

शेजारच्या खुर्चीत निघोज्याच्या एक आजी होत्या. डोक्याला मफलर, एका हाताला सलाईन.

"मघाधरनं नाही-नाही अशी मान का हलवती गं?"

मी सांगितलं.

"मग पास किती झाले?"

"एकही नाही."

"अगं बाई, श्वासाला बी नापास करती व्हय! आन् तेच नापास घेऊन जगती!"

मला हसू आलं. तेवढ्यात चार-पाच श्वास न तपासता गेले.

"भ्या वाटतंय?"

"नाही."

"मला लई वाटतंय. पाचवी हाय माझी, तरी वाटतंय."

"वाटतंय," मी म्हणाले. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"मग वाटू दे की. हात दे हिकडं."

त्यांचा मोकळा हात खरखरीत आणि गार होता. मी तो धरून बसले.

नर्सने पुन्हा मोजलं. थोडं उतरलं होतं, फार नाही. "चालेल," म्हणाली आणि माझ्या दुसऱ्या हाताची शीर शोधू लागली. सुई नेहमीइतकीच दुखली. भीतीही होतीच. आजींनी शेवटपर्यंत हात सोडला नाही, कारण त्यांना झोप लागली होती.