सशाच्या बिळात ओतलेलं दूध

आधीच सांगून ठेवते, मी भित्री बाई नाही. भूत, करणी, नजर... असलं काही सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर "रिकामटेकडे" म्हणत आले. या सदरात लोक दर अंकात लिहितात, मी चष्मा पुसून वाचते आणि म्हणते, पुरे झालं बाई तुमचं! आज मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त जेवताना वाचू नका, एवढं ऐका.

तेव्हा आमचा वऱ्हाड सी. पी. ला, म्हणजे मध्यप्रांताला, जोडलेला होता. आमचे 'हे' मराठी शाळेत मास्तर. बदली झाली बुलढाण्याजवळच्या धाड गावी. आणखी थोडं पुढं गेलं की निजामाची हद्द. बाजाराच्या मागच्या गल्लीत हमीदाखालाचं धाब्याचं घर होतं, मातीचं छत आणि मातीचीच भुई. पुढच्या दोन खोल्यांत ती एकटी विधवा बाई राहायची, मागच्या दोन तिनं आम्हाला भाड्यानं दिल्या. देताना एकच गोष्ट बजावली.

"मास्तरीणबाई, काहीबी करा, पन माही भुई उकरू नका. मी माह्या हातानं चोपून केली हाये."

मी म्हटलं, "खाला, आम्ही काय उंदीर आहोत भुई उकरायला?"

आणि महिन्याभरात आमच्या ह्यांनी घरात ससे आणले! शाळेच्या कामाला बुलढाण्याला गेले होते. तिथल्या कुण्या साहेबाची बदली झाली, मडमेनं पाळलेली जनावरं वाटून टाकली, त्यातली ही जोडी. पांढरे फटक, लाल डोळे. कोंबडीच्या डालीत घालून आणले.

"अवं, पाह्य तर, कसे कापसावानी हायेत."

"कापूस हागत नाही," मी म्हटलं.

पण ऐकतो कोण? बाहेर ठेवावेत तर गल्लीत कुत्री. म्हणून मागच्या खोलीत, माझ्या बाजेखाली त्यांचा मुक्काम. हौस मास्तरांची आणि उस्तवार माझी. मला पाचवा महिना. सशाचा मूत कधी नाकात गेलाय तुमच्या? कुजलेल्या कांद्यावर कुणी चुना टाकावा तसा वास येतो, आणि तो जात नाही. एक दिवसाआड शेणानं सारवायची, तरी नाकातून जायचा नाही. लेंड्या तर सगळीकडे. एकदा पिठाच्या चाळणीत निघाल्या. मी ते सगळं पीठ शेजारच्या म्हशीला घातलं आणि दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

एका दुपारी डाळ निवडत बसले होते. मादी समोर आली, खाली वाकली, स्वतःच्या बुडाला तोंड लावून तिथलं काहीतरी ओलं, काळं ओठांनी घेतलं आणि चावत चावत माझ्याकडे बघत बसली. शी! ह्यांना सांगितलं तर म्हणे, "थे तसंच करतेत, त्यायचं पोट साफ राह्यते." मी उठून परसात जाऊन ओकले.

मग तिनं भुई उकरायला घेतली. बाजेखालच्या कोपऱ्यात रोज हातभर बीळ. मी माती भरायची, चोपायची, सारवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. खाला भाड्याच्या घरात डोकावायला यायची तेव्हा मी बाजेवर पाय पसरून बसायची, काय करणार? सातव्या महिन्यात कोण दुसरं घर देणार होतं आम्हाला? माझी आई मी लहान असतानाच गेलेली, माहेराला जाऊन बाळंत होण्याची सोय नव्हती. ते घर सुटलं असतं तर मी रस्त्यावर बाळंत झाले असते.

एक दिवस मादीनं स्वतःच्या पोटाचे केस उपटले. लालभडक कातडं दिसेपर्यंत. ते केस बिळात कोंबले आणि तिथं व्याली. बोटाएवढी, बिनकेसांची, गुलाबी पिल्लं. दुसऱ्या दिवशी मोजायला म्हणून वाकले, तर एक अर्धंच होतं. संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाही. तिनंच खाल्ली. मिशांना लागलेलं चाटत होती.

"या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी," मी ह्यांना सांगितलं. हे मुकाट्यानं डाल घेऊन बुलढाण्याला गेले आणि जोडी कुणाला तरी देऊन आले. रडून डोळे सुजवले होते गृहस्थानं. मी म्हटलं, आता ते बीळ नीट भरा. म्हणाले, "उद्या भरतो."

तो उद्या उजाडायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते.

खाला धावून आली, सुईणीला तिनंच बोलावलं. मुलगी झाली. इवलीशी, कातडी सैल, रडायचंही त्राण नाही. आणि ती पिईना! छातीला लावली की तोंड उघडं ठेवून नुसती पडून राहायची. बोटानं ओठ चाळवले, मधाचं बोट दिलं, कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून पाहिलं. सगळं गालावरून ओघळायचं. सुईण तिसऱ्या दिवशी ह्यांना दाराआड घेऊन म्हणाली ते मला ऐकू आलं. "मास्तर, आस ठेवू नका."

इकडे माझी छाती दुधानं दगड झालेली. सुईणीनं वाटीत पिळून काढायला सांगितलं, आणि वर बजावलं, "थे दूध पायदळी नको जाऊ द्या, चुलीत नको, मुंग्यायच्या तोंडी तर नकोच. आटते मंग." आमच्याकडे हे पाळतातच. एरवी ते झाडाच्या मुळाशी ओततात. पण मी बाळंतीण, खोलीबाहेर पाय टाकायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला लाज वाटायची. तेव्हा मी काय केलं... बाजेखाली हात घालून वाटी त्या सशाच्या बिळात उपडी केली. डोळ्याआड होईल, मुंग्या लागणार नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा. किती सोपं वाटलं!

पाचव्या दिवशी खाला पोरीला न्हाऊ घालायला आली. दुपटं सोडलं आणि थांबली.

"मास्तरीणबाई, लेकरू पेते व्हय आता? काऊन सांगतलं नाई मले?"

"कुठलं पिते, खाला?"

"मंग हे?" दुपट्यात शी होती. पिवळी, दुधावरच्या पोराची. पोट टम्म. गालही जरा भरलेले.

मला वाटलं हे पाजतात. ह्यांना वाटलं खाला पाजते. खालाला वाटलं मी खोटं बोलते. न्हाऊन झाल्यावर खालानं तिचं तोंड पुसायला ओल्या फडक्याचं बोट आत घातलं आणि बाहेर काढलं, तर फडक्याला पांढरे केस. एक-दोन नाही. ओला, चिकट बोळाच निघाला. त्यात काळी माती.

मी मोरीपर्यंतही पोचले नाही, अंथरुणावरच ओकले.

घरात केस उडतच होते म्हणा. मीही तेच म्हटलं. खालाही तेच म्हणाली. पण मला मनात कुठंतरी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बिळात दूध ओतलं नाही. लाज सोडून वाटी खालाच्या हाती दिली, परसातल्या झाडाला ओत म्हणून. दुपारपर्यंत पोरीचे ओठ वाळले. संध्याकाळी टाळू आत गेली. दुसऱ्या सकाळी ती नुसती तोंड उघडमिट करत होती, आवाज नाही. हे भिंतीकडे तोंड करून बसले.

त्याच दिवशीची दुपार होती. झरोक्यातून ऊन सरळ बाजेवर पडलेलं. हे शाळेत, खाला पुढच्या खोलीत. मी पोरीला बाजेवर माझ्यासमोर ठेवली आणि वाटी बिळात वाकडी केली, हळूहळू. नजर तिच्यावर.

तिचा गळा हलला. घुटुक. मी थांबले, ती थांबली. पुन्हा ओतलं... घुटुक. घुटुक. तोंड मिटलेलं होतं तिचं. वाटी संपली तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब आला, आणि त्यात पांढरा केस.

बायांनो, तुम्ही काय केलं असतं? माझ्या अंगावर काटा नव्हता आला, किळस आली होती. इतकी, की त्या पोरीला दूर ढकलावं. माझं दूध त्या घाणीत, मुतानं भिजलेल्या मातीत, जिथं त्या मादीनं पोरं खाल्ली तिथं... आणि तिथून हिच्या पोटात! पण ती जगत होती. मी दुसरी वाटी काढली आणि ओतली.

एक महिनाभर ओतली. रोज. कुणाला सांगितलं नाही. रोज तिच्या तोंडातून केसांचा बोळा मी स्वतः काढायची, एका हातानं नाक दाबून. पोर गुटगुटीत झाली. सुईण म्हणाली, "देवाची कृपा."

सव्वा महिना होत आला तेव्हा मला राहवलं नाही. एवढं दूध जातं कुठं? ओल नाही, आंबूस वास नाही, एक मुंगी नाही. भर सकाळी बाजेखाली आडवी झाले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊबदार केस होते. आणखी आत बोटं सरकवली, आणि कुणीतरी बोट तोंडात घेतलं.

दात नव्हते. मऊ, गरम हिरड्या. जीभ खालून लागली आणि ते चोखायला लागलं, दोनदा ओढून, मग थांबून, मग एक लांब ओढ.

मी किंचाळले. हात ओढून काढला तर बोट ओलं आणि पांढरं पडलेलं. खाला धावत आली. भुईची तिची ती अट, पण तिनंच कुदळ आणली. हे शाळेतून आले, त्यांनी खोदलं. हातभर बीळ, मूठभर कोरडे केस आणि खाली घट्ट काळी माती. पुढं वाट नाही. कसलं हाड नाही, भांडं नाही.

"खाला, खरं सांगा. काय पुरलं होतं इथं?" मी ओरडले.

"अल्लाची कसम, काई नाई. चार वर्सं झाले हे घर बांधून. त्याच्या आंधी कपाशीचं वावर होतं." मग ती पोरीकडे पाहत राहिली. "घर खाली करा, बाई. मी रागानं नाई म्हनत. पोरीले घेऊन जा इथून."

त्याच दिवशी, सामान बांधताना, पोर भुकेनं रडली. बीळ तर आता खणलेलं. मी काय करणार, छातीला लावली. आणि तिनं पहिल्यांदा तोंडात धरलं. दोनदा ओढून, मग थांबून, मग एक लांब ओढ.

मी तिला फेकली नाही, एवढंच. वर्षभर अंगावर पाजली, भिंतीकडे तोंड करून. दर खेपेला नंतर ओकले.

माझा नातू डॉक्टर आहे. तो म्हणतो, अपुऱ्या दिवसांची बाळं उशिरा प्यायला शिकतात, शेळीचं थोडं दूध पोटात जातच असणार, बाकी बाळंतपणाचा ताप. असेल. केस आणि मातीबद्दल विचारलं की तो घड्याळ बघतो. हे गेले, खाला तर केव्हाच गेली. विचारायला आता कुणी नाही.

मुलगी साठीकडे झुकलीय. माझं सगळं तीच करते, माझे हात आता थरथरतात. गेल्या वर्षी एकदा म्हणाली, "आई, तू माझा कधी मुका नाही गं घेतलास." मी म्हटलं, आमच्या काळी नव्हती तशी पद्धत. तिच्या धाकट्या भावांचे मी किती घेतले ते तिनं पाहिलंय.

बिळात कोण होतं हे मला आजही ठाऊक नाही, आणि कुणी नाही सांगितलं तरी चालेल. मी व्याले तीच पोर माझ्या घरात वाढली, एवढं मात्र कुणीतरी मला पटवून द्या. ती आत्ता आत माझ्यासाठी पेज करतेय.