डुकराच्या नाकाइतकं खाली

“आधी खाली बसा, मंग बोला.”

शेडात पाय ठेवला की आमच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम हेच म्हणायच्या आणि ओढणी खोचून स्वतःच उकिडव्या बसायच्या. तोंड थेट डुकराच्या नाकाइतकं खाली. असं बसलेलं सरकारी माणूस तुम्ही पाहिलंय? मी तर नव्हतं पाहिलं.

नांदुऱ्याबाहेर आमचं पांढऱ्या डुकरांचं शेड. शिवणकाम सोडून मी हा धंदा मांडला, तेव्हा भावकी हसली होती. शेजाऱ्यांनी वासावरून जीव खाल्ला, म्हणून आम्ही नवराबायकोनं खिडक्यांना पोती ठोकून टाकली. वास बाहेर जायचा थांबला. वाटलं, जिंकलो!

हिवाळ्यात पिल्लं शिंकायला लागली. नाकातून रक्त, डोळ्यांखाली काळे ओघळ. मग एकेकाचं थोबाड एका बाजूला वाकायला लागलं. नवरा म्हणाला, नजर लागली. मला तर शेड रिकामं झालेलं दिसायला लागलं, आणि दारात हसणारी भावकी.

मॅडम आल्या, बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला वाटलं, बाईला दया आली.

“रडून नाही राह्यली, ताई. तुमी बसा.”

बसले. अगं आई! डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. कोंडलेल्या मुताची वाफ होती ती. रोज उभ्यानं झाडत होते, पण एवढी झोंबते हे कधी कळलंच नव्हतं. पिल्लांची नाकं त्या वाफेनं आधीच सोलून निघालेली, मॅडम म्हणाल्या, तिथं जंतूला आयती जागा मिळाली.

सकाळीच एक पिल्लू मेलं होतं. मॅडमनी करवत मागितली आणि त्याचं नाक आडवं कापलं. आत पातळ हाडाच्या सुरळ्या असतात म्हणे, त्यांत धूळ अडते, हवा गरम होते. आमच्या पिल्लाच्या नाकात नुसती पोकळी होती.

जंतूनं खाल्लं का, मी विचारलं.

“जंतूले दात कुठून येतीन? तो विष सोडते, बस. अंगात हाड पाडणारे मजूर बी असतात आन् बांधणारे बी. ते विष बांधणाऱ्याइले थांबवते, पाडणाऱ्याइले कामाले लावते. डुकराचंच अंग डुकराचं हाड खाते.”

हे त्या इतक्या हळू बोलल्या की जणू देवळात उभ्या आहेत. माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि त्याचा हुकूम हाडापर्यंत चालतो! राग यायला हवा होता, मी मात्र थक्क होऊन त्या पोकळीत बघत राहिले.

मग मॅडमनी सगळ्या माद्यांच्या नाकांत कापसाचा बोळा फिरवला. तपासणीत जंतू निघाला गोरीच्या नाकात. गोरी आमची पहिली मादी, कधी शिंकलीसुद्धा नाही. जन्मलेलं प्रत्येक पिल्लू ती मायेनं हुंगायची, आणि तिथूनच त्याला जंतू लागत होता. हिला कळपातून काढा, मॅडम म्हणाल्या. मी भांड भांड भांडले. धडधाकट जनावर कसं काढू? मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. गोरीपाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

“हिची काही चूक नाही, ताई. पण हिले ठेवलं तं एकबी नाक सरळ राह्यनार नाही.”

गोरी गेली. त्या दिवशी आमच्या चुलीवर काही चढलं नाही. पोती मॅडमनी स्वतः उपटली, बाकीच्या माद्यांना लस दिली. वाकलेली थोबाडं वाकडीच राहिली, पण पुढच्या वेतांची नाकं सरळ निघाली. शेड वाचलं.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. आता गुडघे गेलेत, शेगावला लेकीकडे असतात. नवे डॉक्टर चांगले आहेत, पण उभ्यानंच बोलतात.

परवा एक पिल्लू शिंकलं. लगेच मॅडमना फोन लावला. फोन खाली धरा, म्हणाल्या. मी उकिडवी बसून पिल्लाच्या तोंडाशी फोन धरला. त्यांनी निवांत ऐकलं, मग विचारलं, डोळे चुरचुरतात का? रक्त आहे का? नाक सरळ आहे ना? डोळे चुरचुरत नव्हते, रक्त नव्हतं, नाकही सरळ होतं. मग कोंड्याची धूळ उडाली असन, म्हणाल्या.

“मंग उठा आता, ताई. माह्यासारखे गुडघे होतीन.”

हो म्हटलं, फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले, पिल्लाच्या नाकाइतकी खाली.