गिलास काहून दोन

आमच्या मोठीमायला गावभर ‘भोंगा’ म्हणत. तिने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सूर लावला की तळ्याच्या पाळीवरचे बगळे उडायचे. नाही उडाले तर हीच चिडायची, "आज गळा बसला वाटते!" नात्याने माझ्या वडिलांची वहिनी, पण मला वाढवलं तिनेच. मोहाडीकडच्या आमच्या गावात धानाची रोवणी तिच्याशिवाय सुरू होत नसे. चिखलात वाकलेल्या बायांच्या मधोमध ही, हातात परह्यांची, धानाच्या रोपांची जुडी आणि तोंडात गाणं.

मी कॉलेजात होते. सुटीच्या दिवशी तिच्यासोबत रोवायला उतरायचे. एकदा शहाणपणा पाजळला, "गाण्यानं का होते वो, मोठीमाय? दुनिया बदलते का?"

ती वर न पाहता म्हणाली, "कंबर दुखत नाई. दुनियेचं मंग पाहू."

पण एक गाणं तिने कंबरेसाठी रचलं नव्हतं. पाटलांच्या बांधीवर दुपारी पाटलीणबाई स्वतः चहाची केटली घेऊन यायच्या. बाकीच्या बायांना स्टीलचे गिलास, आम्हा बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांना प्लास्टिकचे, पिऊन फेकायचे. वर्षानुवर्षं हेच, आणि कोणी चकार शब्द काढत नसे. एका दुपारी मोठीमायने त्यांच्यासमोरच सुरू केलं, "एकाच बांधीचा चिखल हाती, गिलास काहून दोन वो बाई, गिलास काहून दोन?" मला वाटलं, संपलं, उद्यापासून आपल्याला काम नाही.

आणि झालं काय, तर पाटलीणबाईंना गाणं आवडलं! चालच तशी होती मेली. रोज बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून फर्माईश, "सगुणाबाई, ते गिलासाचं म्हणा ना!" टाळ्यांनी ताल धरायच्या, आणि गाणं संपलं की आमच्या हातात प्लास्टिकचा गिलास ठेवायच्या. हसावं की रडावं!

"तिले चाल आवडते, गोष्ट नाई आवडत," मोठीमाय घरी येऊन म्हणाली. "आता मी गातच नाई."

खरंच तिने तोंड मिटलं. तिच्यामागे सगळ्याच बाया गप्प. बांधीत नुसता चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. पाटलीणबाई कासावीस झाल्या, "गळ्याले का झालं वो?"

"गळा बरा आहे, पाटलीणबाई. मी सवाल केला होता, जवाबाची वाट पाहून राहिली."

रोवणी संपत आली तेव्हा केटलीसोबत पिशवीभर गिलास आले. सगळे स्टीलचे. पहिला त्यांनी मोठीमायला दिला, मान खाली घालून. हिने फुंकर मारून घोट घेतला. "साखर जास्त झाली वो," म्हणाली. घरी आल्यावर मात्र पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. ते गाणं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. "त्याचं काम सरलं," म्हणायची.

मागल्या साली ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाटलीणबाई काठी टेकत आमच्या मोहल्ल्यात आल्या, जन्मात पहिल्यांदा. मी चहा दिला. दोन्ही हातांत गिलास धरून त्या बसून राहिल्या. मी म्हटलं, "तिचं ते गाणं मले अर्धंच आठवते. बाकीचं तिच्यासंगं गेलं."

"गेलं नाई," त्या म्हणाल्या. आणि आमच्या घरचा चहा पीत, भर मांडवात, कापऱ्या बेसूर आवाजात त्यांनी सुरू केलं, "एकाच बांधीचा चिखल हाती..."

सगळी कडवी त्यांना पाठ होती.