गालबोट न लागता

कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या घरी मराठी बोलली जायची, वाचली फारशी जायची नाही. माझी शाळा इंग्रजी, बाबांच्या दुकानातलं गिऱ्हाईक कानडी. बसने येणारं मराठी वर्तमानपत्र बाबा एक दिवस शिळं का होईना, घरी आणत. ते तोंडासमोर धरलं की पाहुणे मला काही विचारत नसत. मी मराठी वाचायला शिकले ती अशी, आडोशासाठी.

त्यात मला सगळ्यात आवडलं ते 'लागणे' हे क्रियापद. घरी त्याला काम बेताचंच होतं: भूक, ठेच आणि शेजारणीची दृष्ट. पेपरात मात्र त्याला उसंत नसे. गोदामाला आग लागायची, चोरीचा छडा लागायचा, निकाल लागायचा, कारखान्याला टाळं लागायचं, कुणाची तरी महामंडळावर वर्णी लागायची. आणि यातलं काहीच कुणी केलेलं नसायचं. ते आपलं लागायचं. बुजऱ्या मुलीला याहून सोयीचं क्रियापद कुठलं मिळणार?

कॉलेजात गेले तेव्हा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी तरुणांसाठी नियम काढला. वार्षिक अंकात लिहा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करा. माइकपेक्षा कागद बरा. मी मुकाट्याने लिहायला बसले. विषय मिळाला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा वृत्तान्त.

तिथे घडलं होतं ते स्वल्पच. नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या एक वहिनी नुकत्याच मंडळाच्या चिटणीस झाल्या होत्या. त्यांनी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसमधल्या मैत्रिणी आणल्या, तिळगूळ कमी पडला, आणि आधीच्या चिटणीस अक्कांनी रिकाम्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. एवढंच. कुणाला दोष लागू नये म्हणून मी फार जपून लिहिलं:

'चिटणीसपदी नव्या वहिनींची वर्णी लागली. वाणासाठी महिलांच्या रांगा लागल्या. तिळगूळ संपू लागताच काही काळ तणावाचे वातावरण होते. मात्र कोणतेही गालबोट न लागता कार्यक्रम शांततेत पार पडला.'

अंकातला मजकूर छापण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची मंडळात पद्धत होती. अण्णांनी माझा वृत्तान्त खणखणीत आवाजात वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"वर्णी लागली म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "मी काय कुणाकडे पद मागायला गेले होते?"

अक्का माझ्याकडे बघून गोड हसल्या. "छान लिहिलंयस गं. फक्त तणाव कुणामुळे झाला, तेवढं राहिलं बघ."

मग तिळगुळावरून, मैत्रिणींवरून, डब्याच्या झाकणावरून, त्या दिवशी जे भांडण झालं नव्हतं ते अगदी व्यवस्थित झालं. पुण्याची मराठी आणि पेटेतली मराठी एकमेकींवर चालून गेल्या. खजिनदारांनी चहा मागवला, तो तसाच निवला. शेवटी अण्णा माझ्याकडे वळले आणि हे सगळं कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले. "ते लागलं."

माझा वृत्तान्त रद्द झाला. म्हणजे आता माइक. खेळायला पदर नव्हता म्हणून मी ओढणीशी खेळत बसले. अण्णा वहीत माझं नाव लिहू लागले, तोच वहिनींनी हात वर केला. "हिला माइक नका देऊ हं. कागदावर एवढं करते, तर..."

"सरी," अक्कांनी कानडीत होकार दिला. "हे मात्र खरं."

त्या दोघींचं एकमत झालेलं मंडळाने पहिल्यांदाच पाहिलं. अण्णांनी माझं नाव खोडलं. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवून मी निवलेला चहा पिऊन टाकला.

अंकात मग अण्णांनीच लिहिलेला वृत्तान्त आला: 'संक्रांतीचे हळदीकुंकू झाले.'