काचेवरचं नारळपाणी

दिवेलागणीला मुलुंडमधल्या आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवरून एक हिरवी रेघ निघते आणि सरळ आभाळात जाते. किती तलम, किती निःशब्द! ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटलेला असतो, डोंगराकडून पाल्याचा वास येतो, आणि एरवी आपण न बघताच श्वासात ओढतो ते धूलिकण त्या रेघेत लुकलुकताना दिसतात.

ही रेघ म्हणजे आमच्या लायडारचा, प्रकाश सोडून हवा मोजणाऱ्या यंत्राचा, लेझर. प्रकाशाचे स्पंद वर जातात, धुळीला, धुराला, बाष्पाला स्पर्शून त्यातला कणभर प्रकाश माघारी येतो. किती वेळाने आला त्यावरून उंची कळते, किती आला त्यावरून दाटी. बाष्पाला भेटून येणारा प्रकाश तर आपला रंगही किंचित पालटून येतो. कुणाच्या सहवासाची खूण अशी अंगावर घेऊन परतणं माणसांना तरी इतकं नेमकं कुठे जमतं?

या यंत्राचं सगळं सावंतकाका बघतात. ते आमचे तंत्रज्ञ. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः गोवंडीत, कचराडेपोच्या धुराशेजारी राहतात. पडद्यावर खालच्या अंगाला धुराचा जाड पट्टा उमटला की ‘आमच्याकडची मंडळी आली’ म्हणून हसतात. यंदा मात्र यंत्र म्हातारं झालं, मोडीत काढावं, अशी कुजबुज सुरू झाली होती; दसऱ्यानंतर आमच्या वरिष्ठ बाई पाहणी करून काय ते ठरवणार होत्या. म्हणून काकांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्राची पूजा जरा जास्तच मनापासून केली. झाकण काढून हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि अगदी समोर फोडलेला नारळ.

पाहणीच्या संध्याकाळी, सुटीनंतर पहिल्यांदाच, रेघ निघाली, पण माघारी जवळजवळ काहीच येईना. बाष्पाचा आलेख जमिनीलगतच विरून गेला. “लेझर थकलाय,” बाई म्हणाल्या. काकांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी माघारी येणारा प्रकाश झेलणाऱ्या, वर तोंड करून असलेल्या काचेवर टॉर्च धरला, तर काचभर वाळलेले दुधट थेंब! बोट लावलं, चिकट लागलं.

काकांनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. “नारळ मीच फोडला ना, मॅडम. पार वाट लावली मी मशीनची.”

कोसभर उंचीवरची वाफ ओळखणाऱ्या यंत्राला तोंडावर उडालेलं नारळपाणी ओळखता आलं नव्हतं, आणि खोबऱ्याचा प्रसाद चवीने खाणाऱ्या आम्हा विद्वानांनाही नाही. बाई आधी खळखळून हसल्या, मग म्हणाल्या, “पुसा हो काका, पुसा.” काकांनी स्पिरिटच्या बोळ्याने काच अशी पुसली, जसं लेकराचं तोंड पुसावं. आणि पडद्यावर समुद्रावरून आलेली ओल थराथरांनी उलगडत गेली. बाईंनी ती बराच वेळ पाहिली. “चालू दे अजून,” एवढं म्हणून त्या जिना उतरल्या.

मला आनंदाने रडूच यायला लागलं. काकांनी मात्र स्पिरिटची बाटली बंद केली. “आता पूजाबिजा बंद, मॅडम,” ते म्हणाले. “लांबून हात जोडेन. बास.”

 इतकं वेड्यासारखं जीव लावणारं या गच्चीवर दुसरं होतं कोण?

“नारळ जिन्यात फोडा, काका,” मी म्हटलं, “पण फोडाच.” यंत्राला त्याची गरज नसेल, मला होती.