उतरून नमस्कार

आमच्या शेजारचे गृहस्थ गिरणीत कारकून होते. रोजची पायपीट वाचावी म्हणून त्यांनी सायकल घेतली. पण वडीलधारं माणूस समोर आलं की ते टुणकन खाली उतरून नमस्कार करायचे, आणि आमच्या पेठेत वडीलधाऱ्यांना काय तोटा! पुन्हा चढायला त्यांना ओटा लागे. ओटा सापडेपर्यंत दुसरं कुणीतरी भेटेच. शेवटी सायकल हातात धरूनच ते गिरणीत पोचत.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, सायकल हाय तर बसून जावा की!"

"मास्तरांसमोरून बसून जाऊ व्हय? बरं दिसतं का ते?"

एका दुपारी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. हे कळताच ते आमच्याच ओट्यावरून सायकलवर चढले आणि घंटी बडवत सुईणीकडे सुटले. वाटेत मास्तर दिसले, वकील दिसले, खुद्द त्यांचे सासरे दिसले. पण गडी उतरला नाही. सुईण टांग्यातून वेळेवर आली. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायीच निघालेले दिसले.

"आज सायकल न्हाय?"

"काल चुकलेले नमस्कार करून येतो," ते म्हणाले. "लई घरं हायत. सायकल घेतली तर उशीर होईल की!"