सरांचा पोपडा

दगडासमोर उकिडवं बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि आपल्या वाट्याच्या पाण्यातलं चूळभर त्याच्यावर शिंपडायचं. वर म्हणायचं, "प्या, प्या. लाजू नका." सर जाऊन बरीच वर्षं झाली, पण मला ते असेच दिसतात. तुम्हीही असा एखादा नग पाहिला असेलच.

सर बीडच्या कॉलेजात झाडपाला शिकवायचे. दुष्काळ होता. लिंबागणेशच्या पुढं माळावर मजूर सोसायटीचं रस्त्याचं काम निघालं होतं आणि आम्ही बाया खडी फोडत होतो. पाणी टँकरचं, तेही मोजून. ते हा माणूस दगडाला पाजतो म्हटल्यावर बायांनी तोंडाला पदर लावले. मी मात्र पुढं. मी तेव्हा चौथी पास होते, त्यामुळे मला जगातलं सगळं कळायचं.

"सर, दगडाला पाणी कावून पाजता?"

"दगडाला नाही, ह्याला." त्यांनी एक राखी पोपडा दाखवला. मला वाटलं, धोंड्याला खरूज झाली. "जिवंत आहे हे, ताई. मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद."

मग भिंगातून त्यावरचे काळे ठिपके दाखवले. ठिपक्याला काठ आहे का, काठाचा रंग कुठला, औषधाचा थेंब टाकला की पोपडा पिवळा पडतो की लाल, त्यावरून म्हणे जात ठरते. माझी सोयरीक जुळवताना आमच्या आत्यानंही इतकं पाहिलं नव्हतं!

पण हा पोपडा ओळख देईना. टवका काढावा तर पीठ होई. त्यात औषध संपलेलं. "उद्या आणतो. तोवर ह्याला हात लावू नका, ताई. असा मी कधी पाहिला नाही."

ते गेल्यावर मुकादम म्हणाला, "उद्या पहिला ह्योच फोडायचा. सोसायटीला खडी पायजे, सराचं खूळ न्हाई."

आता चौथी पास बाईनं काय करावं? सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी धोंड्याला तेल-शेंदूर फासला. चांगला जाड. वर दोन डोळे काढले, एक जरा तिरळा झाला.

मुकादमानं घण खाली ठेवला, चपला काढल्या. "आरं, हितं देव हाय बे! आन् आपुन फोडाया निघालतो!"

तेवढ्यात सर आले, बाटली छातीशी धरून. मी शाबासकीसाठी दात काढून उभी.

"वाचिवला, सर!"

"दगड वाचला," सर म्हणाले. धोंड्यामागं गेले आणि बुडाशी भिंग लावून पोटावर पालथे पडले. ते पाहून मुकादम पालथा पडला, मग बाकीचे गडी, मग बाया. सगळा माळ लोटांगणात!

शेंदूर पोचला नव्हता अशा जागी रुपयाएवढा पोपडा उरला होता. सरांनी थेंब सोडला. पिवळा झाला. मग हळूहळू लालभडक.

"साधाच निघाला, ताई. सगळीकडं सापडतो." त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "पण लाल बघा काय सुरेख पडलाय!"

"मग आता फोडायचा का?"

सरांनी मान वळवून पालथ्या मुकादमाकडं पाहिलं. शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं.

"ते तुम्हीच सांगा त्यांना."